लझानियाचे पदर : बोलोन्या ते जेनोव्हा

उत्तर इटलीतील बोलोन्या हे पावसाळी दिवसातही छत्रीविना हिंडता येईल असे शहर आहे. रस्त्याच्या दुतर्फा घरांपुढे कमानींच्या ओवऱ्या काढलेल्या आहेत आणि त्यांची एकूण लांबी ६२ किलोमीटर भरते. २०२१ मध्ये युनेस्कोने या ओवऱ्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. या शहराला इटालियन लोक तीन विशेषणे लावतात. १०८८ पासूनची परंपरा सांगणाऱ्या विद्यापीठामुळे ते ‘विद्वान’, विटांच्या भिंती आणि कौलारू छपरांमुळे ‘लाल’ आणि तेथील स्वयंपाकघरामुळे ‘लठ्ठ’. तिसरे विशेषण बोलोन्याचे लोक अभिमानाने मिरवतात. लोणी, दूध, चीज आणि मांस यांनी समृद्ध झालेल्या या शहराच्या पाकशाळेतूनच लझानिया जगभर पोहोचला.

आज मुंबई-पुण्यापासून सांगली-कोल्हापूरपर्यंत अनेक घरांत मुलांच्या आग्रहाखातर लझानिया होतो. पण तो झाला की घरातील वडीलधारी मंडळी दोन घास खाऊन ताट बाजूला सारतात. चीजचा जाड थर, मैद्याचा दाट सॉस, वर तेलाचा तवंग. रात्रभर पोट जड राहते ते वेगळेच. एकाच ताटातला पदार्थ आजोबांना आणि नातवाला सारखाच मानवावा, एवढी साधी अपेक्षा त्यातून पुरी होत नाही. मग प्रश्न उभा राहतो की हलका, घरच्या आचाराला धरून केलेला लझानिया हा लझानियाच म्हणावा, की त्याची नक्कल? या प्रश्नाचे उत्तर इटलीतच मिळते. ते बोलोन्यात सुरू होते आणि जेनोव्हाच्या बंदरात पूर्ण होते.

मापांचे शहर

बोलोन्याच्या मुख्य चौकात पालाझ्झो द’अक्कुर्सिओ नावाची नगरपालिकेची जुनी इमारत आहे. तिच्या भिंतीत मध्ययुगातील मापे कोरून ठेवलेली आहेत. कापड मोजण्याचा हात, जमीन मोजण्याची काठी, वीट आणि कौल यांचे अधिकृत आकार, सारे काही उघड्यावर आहे. दुकानदाराच्या मोजमापाविषयी गिऱ्हाइकाला शंका आली, तर त्याने या भिंतीशी येऊन खातरी करून घ्यावी, अशी ही सोय होती.

तेथून काही पावलांवर पालाझ्झो देल्ला मेर्कान्झिया ही चौदाव्या शतकाच्या अखेरची इमारत आहे. पूर्वी येथे व्यापाऱ्यांचे तंटे मिटवले जात. आज तेथे शहराचे व्यापारी मंडळ आहे. या मंडळाच्या दप्तरात काही पाककृतीही जमा आहेत, हे ऐकून पाहुण्याला नवल वाटते. १९७२ मध्ये तालियातेल्ले या पट्टीसारख्या पास्त्याची रुंदी तेथे नोंदवण्यात आली. शिजल्यावर ती ८ मिलिमीटर असावी, म्हणजे शहरातील आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग. नमुन्यादाखल सोन्याची पट्टीही ठेवलेली आहे. खाद्यपदार्थाची प्रत टिकवायची तर त्याचे माप ठरलेले हवे, ही व्यापाऱ्याची बुद्धी या शहराने स्वयंपाकातही वापरली.

लझानियाची पोळी, तिला तेथे ‘स्फोल्या’ म्हणतात, लाटणाऱ्या स्त्रिया हे बोलोन्याचे भूषण. त्यांचे लाटणे हातभराहून लांब असते आणि पोळपाट म्हणजे अख्खे टेबल. तयार पोळी हातात उचलून उजेडासमोर धरली, की तिच्यातून टेकडीवरचे सान लुका हे देवालय दिसले पाहिजे, असे तेथे म्हणतात. बोलोन्या पूर्वी रेशमाच्या गिरण्यांचे शहर होते. कालव्यांच्या पाण्यावर तेथील चाके फिरत आणि येथील रेशमी जाळीदार ओढण्या युरोपभर जात. पोळीची परीक्षा तलमपणावरून करण्याची रीत अशा गावात रुजावी, हे स्वाभाविकच आहे. कापडाच्या पेढीवर बसलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही, की जाड पोत म्हणजे उंची माल नव्हे.

मग हा जडपणा आला कुठून? बोलोन्याच्या प्रचलित पाककृतीत पालक घातलेल्या हिरव्या पोळ्या असतात. त्यांच्यामध्ये मांसाचा रस्सा, दुधामैद्याचा बेशामेला सॉस आणि किसलेले पार्मिज्यानो रेज्यानो चीज यांचे थर असतात. हा समृद्ध, थंड हवेचा आणि गोधनाच्या प्रदेशाचा स्वयंपाक आहे. त्या भूमीत तो शोभतो. तो जशाचा तसा उष्ण प्रदेशातल्या शाकाहारी घरात आणावा, असे मात्र कोठेही लिहिलेले नाही.

नोंदवहीतला पुरावा

बोलोन्याच्या लेखागारात मध्ययुगातील नोटरींच्या मोठमोठ्या वह्या आहेत. त्यांना ‘मेमोरिआली’ म्हणतात. १२६५ पासून शहरातील मोठ्या रकमांचे करार या वह्यांत उतरवून ठेवले जात. दोन नोंदींच्या मध्ये कोरी जागा राहिली, तर कोणीतरी मागाहून तेथे खोटी ओळ घुसडू शकेल, या भीतीने नोटरी ती जागा कवितांनी भरून टाकत. हिशेबाच्या वहीत कोरी जागा सोडू नये, हे तत्त्व आपल्याकडच्या मुनीमजींनाही ठाऊक होते. त्यांनी तेथे आडवी रेघ मारली, बोलोन्याच्या नोटरींनी काव्य लिहिले, एवढाच फरक. १२८२ च्या अशाच एका रचनेत लझानियाचा उल्लेख येतो. म्हणजे सातशे वर्षांपूर्वी हा पदार्थ लोकांच्या तोंडी होता.

पण तो होता कसा? त्याचे उत्तर ‘लिबेर दे कोक्विना’ या लॅटिन पाकग्रंथात आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभीचा हा ग्रंथ नेपल्सच्या राजदरबाराशी संबंधित मानला जातो. त्यातील कृती थोडक्यात अशी. आंबवलेल्या पिठाची पातळ पोळी लाटावी. तिचे तीन बोटे लांबीरुंदीचे चौकोन कापावेत. ते मिठाच्या उकळत्या पाण्यात शिजवावेत. मग भांड्यात किसलेले चीज आणि हवे तर मसाल्याची पूड पसरावी, त्यावर पोळीचे तुकडे, त्यावर पुन्हा चीज, असे थरावर थर द्यावेत. खाताना टोकदार लाकडी काडी वापरावी.

या कृतीत मांस नाही. अंडे नाही. टोमॅटो असण्याचा तर प्रश्नच नव्हता. तो अमेरिका खंडातून सोळाव्या शतकात इटलीत आला आणि पास्त्यावर रुळायला त्याला आणखी दोन-अडीचशे वर्षे लागली. वरणफळे किंवा डाळढोकळी करणाऱ्या कोणाही गृहिणीला हा पहिला लझानिया ओळखीचा वाटेल. पोळी लाटा, कापा, उकळत्या पाण्यात सोडा. फरक एवढाच की वरणाऐवजी चीजचे थर.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. मांसाविना, अंड्याविना केलेला हलका लझानिया ही मूळ पदार्थाची काटछाट नाही. लिखित कृतींत तोच आधीचा. जड रूप हे नंतरचे आणि एका प्रदेशाचे. माल खरा की नकली, याचा निर्णय जुन्या नोंदीवरून करायचा असेल, तर हलक्या लझानियाचे पारडे जड आहे.

चीज आणि पेढी

बोलोन्याहून वायव्येला जाणारा रस्ता इसवी सनापूर्वी १८७ मध्ये रोमन अधिकारी मार्कुस एमिलिउस लेपिदुस याने बांधला. त्याच्या नावावरून तो व्हिया एमिलिया. मोदेना, रेज्यो, पार्मा ही शहरे या एकाच रस्त्यावर मण्यांसारखी ओवलेली आहेत आणि सारा मुलूख पार्मिज्यानो रेज्यानो चीजचा आहे. एका चाकाएवढ्या चीजला सुमारे ५५० लिटर दूध लागते. ते किमान १२ महिने मुरवले जाते. पुष्कळदा २४ महिने किंवा त्याहून अधिक. तोवर उत्पादकाचे भांडवल फळीवर अडकून पडते. यावर उपाय म्हणून क्रेदितो एमिलियानो ही बँक १९५३ पासून चीजची चाके तारण ठेवून कर्ज देते. बँकेच्या गोदामात चीज मुरत राहते, त्याची किंमत वाढत राहते आणि कर्जही सुरक्षित राहते. सोनेतारण आणि मालतारण यांची पिढ्यान्‌पिढ्या ओळख असलेल्या घराण्यांना यातील चातुर्य सहज उमगेल.

मात्र याच चीजबद्दल शाकाहारी माणसाने सावध असावे. दूध फाडून घट्ट करण्यासाठी त्यात रेनेट घातले जाते आणि पार्मिज्यानो रेज्यानोच्या नियमांनुसार ते वासराच्या जठरातूनच काढलेले असले पाहिजे. पदार्थाच्या यादीत ‘दूध, मीठ, रेनेट’ असे तीनच शब्द दिसतात आणि माणूस निश्चिंत होतो. ग्राना पादानोबद्दलही हीच खबरदारी घ्यावी. रिकोता हा मवाळ, पांढराशुभ्र पदार्थ चीज झाल्यावर उरलेल्या निवळीपासून करतात. त्या निवळीत आधीच्या रेनेटचा अंश असतो. इटलीत पाकिटावर ‘काल्यो वेजेताले’ म्हणजे वनस्पतिजन्य, किंवा ‘काल्यो मिक्रोबिको’ म्हणजे सूक्ष्मजीवांपासून केलेले रेनेट, असे छापलेले शोधावे. भारतात पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून चीज घेता येते. आणि लिंबाच्या रसाने फाडलेले घरचे पनीर असेल, तर रेनेटचा प्रश्नच येत नाही.

अंड्याचेही तसेच. बोलोन्याच्या पोळीला १०० ग्रॅम मैद्यामागे एक अंडे असा दंडक आहे. तेथील गहू मऊ असतो. अंडे त्याला बांधून धरते. दक्षिण इटलीतील ड्युरम गहू मात्र कठीण आणि चिवट. त्याचा रवा आणि पाणी, एवढ्यावरच पास्ता होतो आणि शिजल्यावर फुटत नाही. १९६७ च्या इटालियन कायद्याने सुका पास्ता ड्युरम गव्हाचाच असावा असे ठरवून दिले. म्हणून सुका लझानिया अंड्याविनाही मिळतो. तरी ‘उओवा’ हा शब्द यादीत नाही ना, हे वाचून पाहावे. महाराष्ट्रात ड्युरमला बन्सी गहू म्हणतात आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे सुधारित वाण विकसित केले आहेत. बन्सीच्या बारीक रव्याचे पीठ कोमट पाण्यात घट्ट मळून तासभर झाकून ठेवले, तर घरीही उत्तम पोळी लाटता येते.

सूर्यास्ताचे गणित

महाराष्ट्रातील आणि गुजरातमधील सराफी व्यापाराचे उत्तर इटलीशी जुने नाते आहे. व्हिचेन्झा येथे जानेवारी आणि सप्टेंबरमध्ये सोन्याच्या दागिन्यांचे मोठे प्रदर्शन भरते आणि तेथे भारतीय व्यापारी आवर्जून जातात. काही जण कुटुंबही बरोबर नेतात. अशा वेळी दिवसा जेवण्याचा नेम पाळणाऱ्यांची खरी कसोटी लागते. इटलीतील उपाहारगृहे संध्याकाळी साडेसातच्या आधी क्वचितच चूल पेटवतात. जूनमध्ये तेथे सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, तेव्हा अडचण येत नाही. जानेवारीत मात्र पाचच्या सुमारासच अंधार पडतो. त्या दिवसांत स्वयंपाकघर असलेली जागा भाड्याने घेणे हाच सुज्ञ मार्ग.

येथे लझानियाचा एक गुण कामी येतो. सकाळी निवांतपणे थर लावून तो झाकून ठेवता येतो. दुपारी कामे आटोपून परतल्यावर ओव्हनमध्ये सरकवला, की तासाभरात सर्वांचे एकदम जेवण तयार होते. एकेक पोळी तव्यावरून वाढत राहावी लागत नाही. करणारी व्यक्तीही सर्वांबरोबर बसून जेवू शकते. कुटुंबभोजनाच्या दृष्टीने हा लाभ मोठा आहे आणि तो मुंबईतही तितकाच खरा आहे.

जेनोव्हाचे रेशमी रुमाल

इसवी सनापूर्वी १४८ मध्ये बांधलेला व्हिया पोस्तुमिया हा रोमन रस्ता व्हिचेन्झातून जाऊन पिआचेन्झाला येतो, डोंगर ओलांडतो आणि जेनोव्हाच्या समुद्राला भिडतो. पिआचेन्झालाच व्हिया एमिलिया संपतो. म्हणून बोलोन्याहून निघालेला प्रवासीही येथूनच डोंगराकडे वळतो. डोंगर ओलांडताच स्वयंपाक बदलतो. जेनोव्हाच्या पाठीशी डोंगर आणि पायांशी समुद्र; मध्ये सपाट जमीन इतकी थोडी, की गुरांना चरायला कुरणे नाहीत. म्हणून लोण्याऐवजी ऑलिव्हचे तेल, मांसाऐवजी उतारावर पिकणारी पालेभाजी आणि तुळशीच्या कुळातील बेसिल. हलकेपणा येथे कोणी वैद्याच्या सांगण्यावरून आणला नाही. तो भूगोलाने दिला.

जेनोव्हाच्या लझानियाच्या पोळीला ‘मंदिल्ली दे साएआ’ म्हणतात, म्हणजे रेशमी रुमाल. रुमालासारख्या मोठ्या, तलम पोळ्या उकळून त्यांवर बेसिलची चटणी, पेस्तो, पसरतात; काही घरांत त्यांचे थर लावून भाजतातही. ‘मंदिल्लो’ हा शब्द भूमध्य समुद्राच्या बंदरांतून फिरला आणि त्याचे अरबी रूप ‘मंदील’. तोच शब्द फारसी-अरबीच्या वाटेने मराठीतही आला. जुन्या दरबारी पोशाखातील जरीचा मंदील तो हाच. कापडाबरोबर शब्दही व्यापाऱ्यांच्या गलबतांतून प्रवास करतात. जेनोव्हाचा जिरोलामो दा सान्तो स्तेफानो हा व्यापारी पंधराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात कालिकतपर्यंत पोहोचला होता आणि परतीच्या वाटेवर तो खंभातलाही आला होता. मिरी आणि जायफळ युरोपच्या स्वयंपाकघरात गेले ते अशाच व्यापाऱ्यांच्या साखळीतून.

जेनोव्हा हे पेढ्यांचेही शहर. १४०७ मध्ये स्थापन झालेली सान जोर्जो ही संस्था युरोपातील आरंभीच्या बँकांपैकी एक. पुढे १५७६ मध्ये या गणराज्याने शहरातील खासगी वाड्यांची एक यादीच तयार केली. राज्याचे पाहुणे आले, की यादीतील धनिकांनी त्यांना आपल्या घरी उतरवून घ्यायचे, असा नियम होता. ‘रोल्ली’ म्हणजे यादीतले हे वाडे २००६ पासून जागतिक वारसा आहेत. पाहुणचार हे प्रतिष्ठेचे लक्षण मानणाऱ्या व्यापारी घरांना ही कल्पना परकी वाटणार नाही.

याच शहराच्या गल्ल्यांत ‘फारिनाता’ मिळते. हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचे तेल एवढेच साहित्य. तांब्याच्या मोठ्या परातीत पातळ ओतून लाकडाच्या भट्टीत ती भाजतात. बेसनाच्या धिरड्याची ही इटलीतील बहीण. साधी फारिनाता मागितली, तर तिच्यात अंडे नाही, चीज नाही, मांस नाही. पेस्तोत मात्र लसूण आणि चीज दोन्ही असतात, हे ध्यानात ठेवावे.

घरचा हलका लझानिया

बोलोन्याने माप दिले आणि जेनोव्हाने तलमपणा. या दोहोंच्या आधाराने सहा माणसांसाठी पुढील बेत सहज जमतो. भांडे ३० सेंटिमीटर लांब, २० सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर खोल असावे.

अंडेविरहित सुक्या लझानियाच्या पट्ट्या २०० ग्रॅम. पाच थरांना एवढ्या पुरतात. पिकलेले टोमॅटो १ किलो. कोवळा दुधी ६०० ग्रॅम. झुकिनी मिळाल्यास तीही चालेल. एक ढोबळी मिरची. सव्वा लिटर गाईच्या दुधाचे घरचे पनीर. पांढऱ्या सॉससाठी दूध ७५० मिलिलिटर, लोणी ३० ग्रॅम, मैदा ४५ ग्रॅम. वरून पेरायला हिरव्या ठिपक्याचे चीज ६० ग्रॅम. शिवाय दोन चमचे ऑलिव्हचे तेल, मिरपूड, जायफळ, मीठ आणि मूठभर बेसिलची पाने. ज्या दिवसांत पालेभाजी वर्ज्य असेल, त्या दिवसांत बेसिल वगळावे. सुंठीचा नेम मोडत नसेल तर तिची चिमूट आणि मिरपूड थोडी जास्त घालावी.

पहिले काम पाणी काढण्याचे. हलका लझानिया बिघडतो तो बहुधा येथेच. चीज कमी केले, भाज्या वाढवल्या, आणि भाज्यांचे पाणी सुटून तळाशी डबके साचले, असे होते. म्हणून दुधीच्या पातळ चकत्यांना चमचाभर मीठ चोळून वीस मिनिटे ठेवावे, मग मुठीत दाबून पिळाव्यात आणि कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी परतून घ्याव्यात. ढोबळी मिरची बारीक चिरून त्यांच्याबरोबरच परतावी. टोमॅटो उकळून, साले काढून, चमचाभर तेलात मंद आचेवर निम्मे होईपर्यंत आटवावेत. चमचा फिरवल्यावर कढईच्या बुडाशी क्षणभर वाट दिसली, की सॉस झाला.

दुसरे काम पांढऱ्या सॉसचे. इटलीत एक लिटर दुधाला १०० ग्रॅम लोणी आणि १०० ग्रॅम मैदा घेण्याची पद्धत आहे. त्या हिशेबाने पाऊण लिटरला ७५ ग्रॅम लोणी लागले असते. येथे ३० ग्रॅम घेतले आहे. वाचलेल्या ४५ ग्रॅम लोण्यात सुमारे सव्वातीनशे कॅलरी असतात. लोणी कमी असले, की मैद्याच्या गुठळ्या होतात. म्हणून मैदा आधी वाटीभर थंड दुधात कालवून घ्यावा. उरलेले दूध लोण्यासह गरम करावे आणि कालवलेला मैदा त्यात सतत ढवळत ओतावा. पाच-सात मिनिटे शिजवून मीठ आणि जायफळ घालावे. सॉस श्रीखंडासारखा घट्ट नको. कढीपेक्षा थोडा दाट हवा. भाजताना तो आणखी आळतो.

लझानियाच्या पट्ट्या दोन-तीन एका वेळी मिठाच्या उकळत्या पाण्यात अर्धवट शिजवाव्यात, थंड पाण्यात बुडवाव्यात आणि ओल्या पंचावर सुट्या पसराव्यात. एकीवर एक ठेवल्या, तर त्या चिकटतात आणि पदर सुटत नाहीत.

आता थर. भांड्याला तेलाचा हात फिरवून तळाशी थोडा पांढरा सॉस पसरावा. त्यावर पट्ट्या, त्यावर टोमॅटोचा सॉस, दुधी, कुस्करलेले पनीर, बेसिल, मिरपूड आणि पांढऱ्या सॉसचे दोन डाव. असे पाच थर करावेत. प्रत्येक थर खालची पट्टी अंधुक दिसेल इतकाच पातळ असावा. जाड सारणाचे दोन थर देण्यापेक्षा पातळ सारणाचे पाच थर दिले, तर तेवढ्याच साहित्यात प्रत्येक घासाला अधिक पदर येतात आणि जिभेला समृद्धी जाणवते. घडीच्या पोळीचे रहस्यही हेच. तेल थोडे, पण पदरापदरात पोहोचलेले. सर्वांत वर उरलेला पांढरा सॉस आणि किसलेले चीज घालावे.

१८० अंशांवर तापवलेल्या ओव्हनमध्ये भांडे फॉइलने झाकून २५ मिनिटे आणि उघडे ठेवून १० ते १२ मिनिटे भाजावे. वर सोनेरी ठिपके उठले, की बाहेर काढावे आणि १५ मिनिटे हात लावू नये. या वेळात सॉसमधील पिठूळ अंश आळतो आणि थर एकमेकांना धरून ठेवतात. लगेच कापला, तर सारे साहित्य ताटभर पसरते. सूर्यास्ताआधी जेवायचे असल्यास विसाव्याची ही १५ मिनिटेही हिशेबात धरावीत.

पेल्लेग्रीनो आर्तुझी हा फ्लॉरेन्समध्ये रेशमाचा व्यापार करीत असे. धंद्यातून मोकळा झाल्यावर त्याने इटलीभरच्या घरगुती पाककृती जमवल्या आणि १८९१ मध्ये स्वखर्चाने पुस्तक छापले. इटालियन स्वयंपाकाचा आधारग्रंथ म्हणून ते आजही घराघरांत आहे. त्याने राजवाड्यांच्या आचाऱ्यांपेक्षा घरच्या चुलीवर भरवसा ठेवला आणि पुढच्या आवृत्त्यांत कृती सुधारत राहिला. लझानियाचा इतिहासही असाच घराघरांतून घडला आहे. बोलोन्याच्या घराने त्यात मांसाचा रस्सा घातला, जेनोव्हाच्या घराने बेसिल. सांगलीच्या किंवा मुंबईच्या घराने त्यात दुधी आणि घरचे पनीर घातले, तर तो त्याच परंपरेतला आणखी एक पदर ठरेल. त्यासाठी सुरी खाली जाताना पाचही थर वेगवेगळे दिसावेत, तळाशी पाणी नसावे आणि आजोबांनी दुसरा तुकडा मागून घ्यावा, एवढी परीक्षा पुरेशी आहे.